नाव न घेतलेली मुळी

मी एक जुना दगडी खल आहे, मित्रांनो. हट्ट्याजवळच्या तांड्यात पारुबाईंच्या दारात पालथा पडलेला असतो. पाठीवर कोंबड्या बसतात. मला त्याचं काही वाटत नाही.

पारुबाईंचे सासरे, थावराबाबा, यांनी मला नरसीच्या जत्रेतून आणलं. ते गुडघेदुखीचा लेप करायचे. एक मुळी तीन दिवस गोमूत्रात भिजवायची, वाळवायची आणि माझ्यात कुटायची. मुळी जहरी, धूळ लागली तरी ओठ बधिर व्हायचा. म्हणून माझ्यात चटणी कधी वाटली गेली नाही. घरात दंडक एकच: मुळीचं नाव कोणापुढे घ्यायचं नाही. नाव घेतलं की गुण जातो. थावराबाबांमागे पारुबाईंनी तो दंडक जिवापाड जपला. माणसं वसमतहून लंगडत येत आणि नीट चालत जात. तेव्हा माझा थाट काय विचारता!

१९९६ साली औषध खात्याचे साहेब जीपमधून आले.

"बाई, याला परवाना लागतो. आणि पुडीवर नाव लिहायचं, विषारी आहे असंही लिहायचं. सरकारचा नियम आहे."

"लिव्हून घेते की, साहेब," पारुबाई म्हणाल्या. जीपची धूळ खाली बसायच्या आत त्यांनी पुढची पुडी कोऱ्या कागदात बांधली. मी म्हटलं, शाबास! आम्ही दोघंही दगडच.

दोन वर्षांनी हट्ट्याच्या नर्मदाबाईंनी एक पुडी नेली. सुनेला वाटलं, पोटात घ्यायची. तिने ती दुधात कालवून दिली. दुपारी नर्मदाबाईंचा मुलगा संतराम मोटारसायकल दामटत आला.

"मावशी, मायची वाचा गेली. वसमतचे डॉक्टर इचारून राहिले, पुडीत काय व्हतं?"

"लावायचं औषध व्हतं, लेकरा."

"नाव सांगा, नाव!"

पारुबाईंचे ओठ हलले, पण नाव निघालं नाही. नाव घेतलं तर गुण जाईल, मग नर्मदाबाईंच्या पोटात नुसतं जहर उरेल, असं त्यांना वाटलं. नर्मदाबाईंना वाचवायलाच त्या गप्प राहिल्या. संतरामने पाय धरले. दाराची सावली माझ्यापर्यंत आली, तेव्हा कुठे पारुबाई बोलल्या, "बचनाग."

संतराम दवाखान्यात पोचला तेव्हा नर्मदाबाई गेल्या होत्या.

साहेब पुन्हा आले, सगळ्या पुड्या घेऊन गेले. पारुबाई रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. त्यांनी मला पालथा घातला, त्यालाही आता दहा वर्षं झाली.

मित्रांनो, घरातल्या औषधावर नाव लिहीत जा, आणि कोणी विचारलं तर लगेच सांगा. पारुबाई आता येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. संतराम वाटेने गेला की त्यालाही हाक मारतात, "बचनाग व्हता, लेकरा." तो "व्हय, मावशी" म्हणतो आणि पुढे जातो.