गरज नाही

२०१६ साली, दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी, उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या आमच्या शाळेत इंग्रजीच्या शिक्षकांसाठी प्रश्नावली आली. अंबरनाथच्या एका कॉलेजातून. उच्चार शिकवताना काय अडतं, प्रशिक्षण हवं का, असं विचारलं होतं.

आमच्याकडे कुठलाही फॉर्म आधी पेन्सिलने भरायचा आणि मुख्याध्यापक हिंदुराव सरांनी पाहिला की पेनने गिरवायचा, अशी पद्धत. मी विषयप्रमुख, म्हणून गोळा करणं माझ्याकडे. विनीत सरांनी न वाचताच सगळीकडे ‘गरज नाही’ लिहिलं. मीही तेच लिहिलं.

चांगुणाने मात्र थेट पेनने भरला. ती सोनिवलीची, नोकरीचं चौथं वर्ष, नववीचं इंग्रजी तिच्याकडे. प्रत्येक प्रश्नाखाली तिने मनापासून लिहिलं होतं. समासातसुद्धा.

“हे काय गं?”

“खरं तेच आहे ना, बाई. पोरं मोबाइलवर ऐकून येतात, वर्गात मला टोकतात. मग पाठ वाचायला मी वर्गातल्या राजसीलाच उभी करते. असं किती दिवस चालणार?”

विनीत सर हसले. “अहो मॅडम, हे म्हणजे हॉटेलवाल्यानेच बोर्ड लावायचा, आमच्याकडे जेवण बेकार मिळतं!”

“टिंगल नका करू, सर. मला ट्रेनिंग पायजे.”

मी तिला बाजूला घेतलं. शाळेचं नाव खराब होईल, सर चिडतील, असं सांगून कोरा फॉर्म पुढे केला.

“तुम्ही म्हणता तर भरते,” ती म्हणाली.

पहिला मी फाडला. खरं म्हणजे तो वाचून मलाच लाज वाटली होती. एकतीस वर्षं मी पुस्तकातल्या शब्दांवर देवनागरीत उच्चार लिहून शिकवत होते, आणि तेही अंदाजाने. मला तरी कोणी कुठे शिकवले होते?

ज्यांनी मागितलं त्यांना प्रशिक्षण मिळालं. फेब्रुवारीत शाळा तपासणी झाली. साहेबांनी चांगुणाला पाठ वाचायला सांगितला. ती अडखळली, मुलं हसली. नंतर ऑफिसात हिंदुराव सरांनी फाइलमधून फॉर्मची प्रत काढली.

“सही तुमचीच ना, मॅडम? गरज नाही म्हणता आणि साहेबांसमोर हे असं?”

ती माझ्याकडे बघत राहिली. मी एक वाक्य बोलायचं होतं. मी भिंतीवरचं वेळापत्रक वाचत उभी राहिले.

जूनपासून तिला भूगोल दिला.

हिंदुराव सर निवृत्त होऊन कराडकडे गावी गेले, करोनात वारले. विनीत सरांचा बदलापुरात इंग्रजी बोलायला शिकवणारा क्लास आहे, म्हणे चांगला चालतो. राजसी ठाण्याला एका बँकेत आहे. चांगुणा अजून भूगोलच शिकवते. इंग्रजी तिने परत मागितलं नाही.

मागच्या महिन्यात ती मला भाजी बाजारात भेटली. पिशवी खाली ठेवून, एवढ्या गर्दीत, वाकून पाया पडली.

मी पडू दिलं.