आठवी दोरी

आमच्या पर्थमध्ये माणूस मेला की त्याला खाली सोडायला आठ जण लागतात. शवपेटीला आठ दोऱ्या असतात, प्रत्येकीच्या टोकाला गोंडा. पहिली डोक्याशी, ती थोरल्या मुलाची. दुसरी पायाशी. बाकीच्या दोन्ही अंगांना, जवळचं नातं आधी आणि लांबचं मागून. अंत्यविधीचं काम करणारा हॅगर्ट प्रत्येकाला आधी एक छोटं कार्ड देतो. त्यावर पेटीचं चित्र असतं आणि तुमचा आकडा. मग खड्ड्याशी तो एकेक आकडा पुकारतो आणि माणसं पुढे होतात.

मी आठवा असतो. कुणाचाच कुणी नाही, म्हणून आठवा.

घरात माणसं कमी पडली, म्हणजे मुलं न्यूझीलंडला आणि भाऊ आधीच गेलेले असं असलं, की हॅगर्टचा मला फोन येतो. "गिब, गुरुवारी मोकळे आहात का?" मी गुरुवारी मोकळा असतो. मी सगळ्याच वारी मोकळा असतो. हे त्यालाही ठाऊक आहे, तरी विचारतो. त्याच्या बापाने त्याला वळण चांगलं लावलंय. हॅगर्टकडे पगारी माणसं आहेत, चांगली दणकट, पण आपलं माणूस पगारी हातांनी मातीत जावं हे आमच्या लोकांना आवडत नाही. मी पैसे घेत नाही. काळा कोटही माझा स्वतःचा आहे. मुळात करडा होता, काळा मीच केला, आणि अजून उतरलेला नाही.

दोरी धरणं सोपं आहे. अवघड असतो तो नंतरचा चहा. हॉटेलात सगळे जमतात, बार्लीचं सूप असतं, सॉसेज रोल असतात, व्हिस्कीचा एक एक घोट असतो, आणि मेलेल्याची बायको किंवा मुलगी तुमच्यापाशी येऊन विचारते, "तुमची ओळख कुठली?" आता तिला काय सांगायचं, की बाई, ओळख नव्हती, आकडा भरायला आलोय? तिच्या डोळ्यांत पाणी असतं. म्हणून मी सांगतो, "रंगाच्या कारखान्यात एकत्र होतो आम्ही. फार हसवायचा." बाई खूश होते. आपल्याला माहीत नसलेला एक दिवस नवऱ्याच्या आयुष्यात निघाला, याचा तिला आनंद होतो. मीही एक सॉसेज रोल जास्त घेतो.

हे खपायचं, कारण अर्धं शहर कधी ना कधी रंगाच्या कारखान्यात होतं. उरलेलं अर्धं व्हिस्कीत नाहीतर विमा कंपनीत. वर डोंगर, खाली सपाट शेतं, मधून टे नदी, आणि जहाज जिथपर्यंत येऊ शकतं तिथे आम्ही बसलेले. त्यामुळे डोंगरातलं काहीही विकायचं असलं तर ते आमच्या दारावरून जायचं. लोकर, गुरं, पिंपं. फेब्रुवारीत बैलांचा बाजार भरला की अर्जेंटिनाहून बैल घ्यायला आलेली माणसं आमच्या फुटपाथवर घसरून पडायची. आता बैल स्टर्लिंगला जातात. रंगाचे कारखाने गेले, काचेचा गेला, व्हिस्कीवाल्यांनीही गाशा गुंडाळला. मधे तर आमचं शहरपणच कागदावरून काढून घेतलं होतं, मग राणीने परत दिलं. त्या दिवशी लोकांनी झेंडे लावले. मला काही फरक जाणवला नाही, हॅगर्टचे फोन तेवढेच आले.

इना कॉम्री मात्र खरोखरच रंगाच्या कारखान्यात होती.

तेव्हा अख्ख्या देशातून टपालाने कपडे यायचे आमच्याकडे, धुवायला आणि रंगवायला. इना ते पिशव्यांतून काढून प्रत्येकाला आकड्याची चिंधी शिवायची. मी आत रंगाच्या टाक्यांवर. कुणाच्या घरी माणूस गेलं की घरातले होते ते कपडे काळे करायला पाठवायचे. ते गठ्ठे आधी घ्यायचे, असा नियम होता. ते गठ्ठे इना स्वतः आत आणून द्यायची. "गिब, आज तीन घरं," म्हणायची, आणि माझ्या हातांकडे बघून हसायची. माझे हात कोपरापर्यंत कधी निळे, कधी तपकिरी, आणि पुष्कळदा काळे. डबा आम्ही एकाच टेबलाशी खायचो. एकदा ती म्हणाली, "तुझ्या हातचा ब्रेड मी खाणार नाही, माझी जीभ हिरवी होईल." आणि लगेच उचलून खाल्ला.

मला ती फार आवडायची. हे मी आज सरळ सांगतो आहे, कारण तेव्हा सांगितलं नाही. मला मुकादम करणार अशी बोलवा होती. मुकादम झालो की विचारू, असं मी ठरवून टाकलं होतं. आर्ची सायडी व्हिस्कीच्या गोदामात होता, त्याने काहीच ठरवलं नव्हतं. एका रविवारी आम्ही नदीकाठच्या मैदानात फिरत होतो. पाणी खाली गेलं होतं आणि कोळी जाळी वाळवत बसले होते. इना थांबली आणि म्हणाली, "आर्चीने मला विचारलंय. काय सांगू रे त्याला?"

तिने माझ्याकडे बघत विचारलं. नदीकडे बघत नव्हे. एवढं मला त्याच वेळी कळलं होतं.

मी म्हणालो, "माणूस चांगला आहे."

पुढे कुणीही मला मुकादम केलं नाही. इनाला दोन मुलगे झाले, एक मुलगी झाली. ती क्रेगीला राहायची, मी स्टेशनच्या मागे. लहान शहरात माणूस हरवतही नाही, हे त्याचं वाईट. खाटकाकडे रांगेत दिसायची, पुलावर समोरून यायची, पुढे पुढे तर चहालाही दिसायची, कारण तिच्या सासरचे एकेक करून म्हातारे होत गेले आणि त्यांना माणसं कमी पडू लागली. ती खोलीच्या त्या टोकाला, मी सॉसेज रोलशी. "गारठा आहे, गिब." "आहे खरा." तिच्या लग्नानंतर आयुष्यभरात आम्ही एवढंच बोललो. घरी येऊन मी त्यावर आठवडा काढायचो.

जानेवारीत एका सकाळी पेपरात तिचं नाव आलं. घरच्यांच्या सान्निध्यात, शांतपणे. खाली हॅगर्टचं नाव. मी पेपर घडी करून ठेवला आणि फोनशेजारी खुर्ची ओढून बसलो.

फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाहेर पाऊस नुसता ओतत होता. मी दुकानात ब्रेड आणायला गेलो आणि अर्ध्या रस्त्यातून परत आलो, मागे फोन वाजला तर म्हणून.

दोरी मागायची नसते. हे कुणी कुणाला शिकवत नाही, पण आमच्यात पोरासोरांनाही कळतं. दोरी देतात, तेव्हा घ्यायची. पण अनोळखी माणसांना मी इतकी वर्षं खाली सोडत आलो होतो. एक माणूस असं होतं की ज्याच्यासाठी मला आपणहून ते करायचं होतं, आणि तिथेच माझी गरज पडू नये? मला राग आला. कुणाचा, ते सांगता येत नाही. मी कोट चढवला आणि हॅगर्टकडे गेलो.

"बसा गिब," हॅगर्ट म्हणाला. "काय पाऊस! गोल्फचं मैदान गेलं पाण्याखाली. आता त्यांना मासे पकडू दे म्हणावं."

"इना सायडी," मी म्हणालो.

"हो, शुक्रवारी. वेल्सहिलच्या दफनभूमीत."

"माणसं आहेत?"

"रग्गड! दोन मुलगे, जावई, नातू, भाचे. इन्व्हर्नेसचा भाचा धरून बरोबर आठ. या वेळी तुम्हाला सुट्टी." मला भेट दिल्यासारखा हसला तो. मग त्याने चष्मा काढला. "का हो? ओळखीच्या होत्या?"

हॅगर्ट वाईट माणूस नाही. सांगितलं असतं तर त्याने काहीतरी केलं असतं.

"शहरातलीच तर बाई," मी म्हणालो. "सगळेच ओळखीचे."

घरी येताना नदीच्या भिंतीतले पुराचे दरवाजे लावायचं काम चाललं होतं. कामगार एकमेकांवर ओरडत होते. पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं, त्यातून झाडंच्या झाडं चालली होती. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. एकाने मला हटकलं, "आजोबा, घरी जा. पोहता येतं का?" मी म्हणालो, "तुला येतं का?" तो म्हणाला, "मला पगार मिळतो बुडायचा." दोघेही हसलो. दिवसभरात मी तेवढंच हसलो.

शुक्रवारी सकाळी मी दाढी करत होतो. दफनाला जायचं, मागे उभं राहायचं, असं मनाशी पक्कं केलं होतं. फोन वाजला.

"गिब, घोटाळा झालाय," हॅगर्ट म्हणाला. "इन्व्हर्नेसची गाडी डंकेल्डला अडकलीय, रुळांवर पाणी. भाचा काही पोचत नाही. घरचे म्हणाले तुम्हालाच विचारा. याल का?"

देवाने मला क्षमा करावी. त्या नदीने त्या आठवड्यात किती घरांत चिखल नेला, आणि मी अर्ध्या चेहऱ्याला साबण लावून तिचे आभार मानत उभा होतो.

कोट घासताना मी आणखी एक गोष्ट ठरवली. चहाला ते विचारणार, कुठली ओळख म्हणून. विचारतातच. आणि या वेळी मी खरं सांगणार. लग्नाबिग्नाचं नाही, मेलेल्या आर्चीच्या पोरांना ते कशाला? एवढंच सांगायचं, की आम्ही एका टेबलाशी डबा खायचो, माझ्या हातांना ती हसायची, आणि मला ती फार आवडायची. मी ते आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. म्हातारा माणूस एवढं म्हणू शकतो. कुणाचं काही बिघडत नाही.

वेल्सहिलवर चढ आहे, तिथे पाणी नव्हतं, नुसता वारा. पाद्र्याने लवकर आटोपलं. हॅगर्टने आकडे पुकारले. "आठ," म्हणाला, आणि मी पुढे होऊन गोंडा हातात घेतला. खड्ड्यावरच्या फळ्या काढल्या की पेटीचा भार एकदम हातांत येतो. एरवी आठव्याला तो फारसा लागत नाही, पुढचे दणकट असतात. पण माझ्या समोरचा नातू घाबरून हात सैल सोडत होता, म्हणून मी माझा वाटा नीट घेतला. इनाला मी कधी उचललं नव्हतं. नाचायलाही कधी नेलं नव्हतं. ती सावकाश खाली गेली, कुठेही धक्का लागू दिला नाही मी. तळ लागल्यावर दोरी आत टाकायची असते. सगळ्यांनी टाकल्या. हॅगर्टने माझ्याकडे पाहिलं, हळूच खाकरला, तेव्हा मी टाकली.

हॉटेलात ऊब होती, सगळ्यांच्या कोटांना वाफ येत होती. मी बशी घेऊन कोपऱ्यात उभा राहिलो आणि वाट बघू लागलो. थोरला मुलगा आला, हात मिळवून गेला. मग मुलगी आली, एल्स्पेथ. इनासारखी दिसत नाही. पण माणसाकडे बघताना मान तशीच कलती करते. ते मला सोसवेना.

"मिस्टर गेलॅटली ना? आयत्या वेळी धावून आलात. आम्ही तुमचे फार आभारी आहोत."

"त्यात काय एवढं," मी म्हणालो, आणि थांबलो. वाक्य तयार होतं.

"घाबरू नका," ती म्हणाली. "तुमची ओळख कुठली, ते नाही विचारणार मी."

"म्हणजे?"

ती थोडी हसली, रडून रडून नाक लाल झालं होतं तिचं. "डगकाका गेले तेव्हा तुम्ही काकूला सांगितलंत ना, की रंगाच्या कारखान्यात एकत्र होतो म्हणून. अहो, काका जन्मभर रेल्वेत! घरी येऊन आम्ही पोट धरधरून हसलो. आई तेवढी हसली नाही. म्हणाली, 'गिब गेलॅटलीला कधी काही विचारू नका. ऐन वेळी त्याच्या तोंडून खरं निघत नाही. पहिल्यापासून असाच आहे तो. माझ्या वेळी आला तर खायला घाला चांगलं, पण प्रश्न विचारून त्याला छळू नका.'" तिने माझ्या दंडावर हात ठेवला. "म्हणून म्हटलं, तुम्ही निवांत खा."

म्हणजे तिने माझ्याविषयी घरात बोलून ठेवलं होतं. माझं पूर्ण नाव घेतलं होतं. आपल्या मागे मी येईन हे तिने धरलं होतं, आणि आल्यावर माझ्यावर काय वेळ येईल तेही. ती माझ्यावर मायाच करत होती की मला शेवटचं ऐकवत होती, ते मला अजूनही ठरवता आलेलं नाही. दोन्ही असेल. एल्स्पेथ अजून तिथेच उभी होती, मान कलती करून. घाईत नव्हती. तिने विचारलं नव्हतं, पण ऐकलं असतं.

"रोल छान आहेत," मी म्हणालो.

"आईला आवडायचे इथले," ती म्हणाली, आणि पलीकडच्या माणसाकडे वळली.