ढाणकीकरांचं रक्त

माणसाचं भवितव्य त्याच्या रक्तात लिहिलेलं असतं. हे वाक्य ढाणकीकर कुलसंमेलनाचे अध्यक्ष, निवृत्त नायब तहसीलदार कमलाकरराव ढाणकीकर माइकवरून गंभीरपणे बोलले आणि मग इतका वेळ खोकले, की सूत्रसंचालकानं मधेच चहा जाहीर करून टाकला.

चहानंतर त्यांनी मुद्दा पुरा केला. निरनिराळ्या मानवसमूहांत जनुकं निरनिराळी असतात, त्यामुळे क्षयरोग काहींना चटकन धरतो, काहींना धरत नाही, असं त्यांनी रविवारच्या पुरवणीत वाचलं होतं. लेख अर्धाच वाचला होता, कारण उरलेला पुढच्या रविवारी यायचा होता. पण सात पिढ्यांत एकाही ढाणकीकराला क्षय झालेला नाही, तेव्हा आपण कोणत्या गटात, हे उघडच होतं. टाळ्या पडल्या. ज्यांचे आजोबा हवापालटाला म्हणून गेले आणि परत आलेच नाहीत, त्यांनीही वाजवल्या.

कमलाकररावांच्या यवतमाळच्या घरी सून भैरवीला टाळ्या सुचत नव्हत्या. तिचा दहा महिन्यांचा अनिमेष आजोबांच्या छातीवर टाकल्याशिवाय दुपारचा झोपत नसे, आणि ती छाती दिवाळीपासून वाजत होती.

"बाबा, एकदा थुंकी तपासून घ्या ना. तोवर बाळ माझ्याजवळ झोपू दे."

"मला धुळीचा त्रास आहे. तपासायचंच तर बसंतीबाईला तपासा. या लोकांच्या रक्तात प्रतिकार नसतो."

बसंतीबाई धुणंभांडी करायची. मूळची बोरी अरबकडच्या बंजारा तांड्यावरची, आता घरामागच्या वस्तीत राहायची. तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"मले काहून पाठवून राह्यले, साहेब? खोकला तुमचा अन् तपासणी माही?"

"नियम आहे," साहेब म्हणाले. कुठला, ते त्यांनी नोकरीतही कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

बसंतीबाईचा निकाल साफ आला. कमलाकररावांनी तो मोठ्यानं वाचला आणि घरात रोग नाही हे सिद्ध झालं म्हणून पेढे आणवले.

"पाहा बाई," बसंतीबाई भैरवीला म्हणाली, "पास मी झाली अन् पेढे साहेब खाऊन राह्यले."

भैरवीनं बाळाला घेऊन पुसदला माहेरी जायचं काढलं. नवरा अनिकेत म्हणाला, बाबांना वाईट वाटेल. सासूबाई कुंदाताई म्हणाल्या, "बोरन्हाण झालं की जा गं. पहिली संक्रांत आहे त्याची."

थंडी होती, म्हणून आजोबांच्या खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. भैरवी बाहेर बोरं निवडत बसली होती. आत मोठा खोकला आला. त्याची तिला सवय होती. त्याच्या मागोमाग एक लहान खोकला आला.

बोरन्हाण झालं. बोरांच्या सरीत अनिमेष नुसता बसून होता, एकही उचललं नाही त्यानं. पुढच्या महिन्यात त्याचं नवं झबलं सैल झालं. मुलांची झबली तोकडी होतात. भैरवीनं कोणाला विचारलं नाही, बाळ उचललं आणि दवाखाना गाठला. सगळे तिच्या मागे आले.

बाळाच्या मानेतली गाठ आणि छातीचा फोटो बघून डॉक्टरांनी विचारलं, "घरात खोकतं कोण?"

अनिकेत स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

"आईकडून आलं असेल," कमलाकरराव म्हणाले. "पुसदवाल्यांचं रक्त कोणी तपासलंय?" पुढचं खोकल्यात गेलं. डॉक्टरांनी त्यांच्या हातात थुंकीची डबी दिली.

दुसऱ्या दिवशी निकाल आला. कमलाकररावांनी खुर्ची पुढे ओढली.

"म्हणजे आमच्या जनुकांत काही फरक निघाला?"

"ते मला माहीत नाही, काका. आम्ही थुंकी तपासली. जंतू तिच्यात आहेत. बाळाला ते तुमच्याच श्वासातून लागले असणार."

कमलाकररावांनी खुर्ची आणखी पुढे ओढली. मग हळू आवाजात म्हणाले, "पण रक्त आमचं आहे हो त्याचं. दुखणं लवकर उतरेल ना? त्याला औषध कमी लागेल ना?"

डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी पुढे ओढली. नर्सनं भैरवीच्या हातातून बाळ घेतलं आणि काट्यावर ठेवलं. क्षयाची औषधं रक्त बघून देत नाहीत, वजन बघून देतात. वर्षाचा अनिमेष सहा किलो भरला.