भट्टीवालीची शेवटची नळी

प्रयोगशाळेत सगळे तिला भट्टीवाली म्हणत. तिचे जिवाणू सत्तर अंशांच्या इनक्युबेटरमध्ये मजेत वाढत आणि फडक्याशिवाय नळी उचलली की तिची बोटं पोळत. उष्णता नुसती सोसणारे वेगळे आणि उष्णतेवाचून न जगणारे वेगळे, जिवाणूंची वर्गवारी अशीही करतात. तिचे दुसऱ्या गटातले, पण ओळखीच्या कुठल्याच कुळात न बसणारे. नवी जात! फक्त जगाने ती मान्य करायची तर जिवंत नमुना जमा करावा लागतो. मेलेल्याचं बारसं होत नाही. आणि ज्या झऱ्यातून ते आणले, त्यावर आता हॉटेल उभं होतं. उरली होती त्या जिवाणूंची एकच बाटली.

सोमवारी येऊन बघते तर बाटली गायब.

"अगं, काल वीज गेली होती," सर म्हणाले. "नासायला नको म्हणून मीच जनरेटरवरच्या फ्रिजमध्ये ठेवली."

सरांची हयात आतड्यातल्या जिवाणूंत गेलेली. ते फ्रिजमध्ये खुशाल झोपून राहतात. सवयीचा हात, दुसरं काय!

"सर, माझे गारठ्याने मरतात हो!"

सर मटकन स्टुलावर बसले.

मग तिने थेंबाथेंबाने बाटली पोषक पाण्याच्या नळ्यांत पेरली. पाणी गढूळलं तर जीव आहे, नितळ राहिलं तर संपलं. फडक्यात धरून काढलेली प्रत्येक नळी नितळ. "उठा रे बाबांनो, एक तरी उठा," ती भट्टीच्या काचेला नाक लावून विनवायची. घरून आई फोनवर जेवलीस का विचारायची, आणि हिला हुंदकाच फुटायचा.

शेवटच्या थेंबाची नळी मात्र गढूळली.

"सर! सर, आले!" सर धावत आले. तिने दार उघडून नळी उचलली, छातीशी धरली, हसली, रडली. सरांनीही डोळे पुसले.

"जगले गं तुझे! माझ्या जिवावरचं ओझं उतरलं बघ."

तिची नजर टेबलाकडे गेली. फडकं टेबलावरच होतं. तिने भट्टीत हात घातला. आत नुसतं कोमट. दिवा लाल होता, पण तापवणारी तार मधेच केव्हातरी जळाली होती. या उबेला कुणीही वाढतं. हवेतलं, हातावरचं, सरांच्या आतड्यातलंसुद्धा. तिचं तेवढं नाही.

"काय झालं गं?"

"सर," ती कशीबशी म्हणाली, "हात पोळला नाही."