सीवर्डचा धक्का

नंदिनीबाईंनी चपला हातात घेतल्या, पातळाचा घोळ वर खोचला आणि त्या डोंग्यात चढल्या. नावाडी बिरजूने बांबू वाळूत रोवून डोंगा स्थिर धरला होता. फळीवर स्वतःशेजारी जागा करून त्यांनी मागे हात पुढे केला. तो कोणी धरला नाही. त्यांचे पती श्रीहरी पाण्यापासून बरेच अलीकडे, कोरड्या वाळूत उभे होते.

“या ना,” नंदिनीबाई म्हणाल्या.

“तू जा समोर. मी पुलावरून येतो.”

“पुलावरून? वडशाहून फिरून या लागते. ठमाबाई जेवायची थांबली असंल तिकडं.”

“तुमी जेवून घ्या.”

“साहेब, पाणी कुठी आहे आता नदीत?” बिरजू हसून म्हणाला. “मधात तेवढं थोडं खोल. पोट्टे पोहून जातेत.”

श्रीहरींनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. मग ते वळले आणि दरड चढून गाडीरस्त्याला लागले. मागे वळून पाहिलं नाही. बिरजूने नंदिनीबाईंकडे पाहिलं.

“चल,” त्या म्हणाल्या.

ठमाबाई त्यांची मावसबहीण. तिचं गाव वैनगंगेच्या पलीकडे, पार काठावर. आज तिच्याकडे जायचं निमित्त होतं, ते नंदिनीबाईंनी मुद्दाम काढलं होतं. अश्विनला होकार कळवायच्या आधी नवऱ्याला एकदा नावेत बसलेलं त्यांना पाहायचं होतं.

अश्विन, त्यांचा मुलगा, सिएटलला नोकरीला. दोघंही निवृत्त झाल्यावर त्याने फोनवर सांगितलं होतं, “आता कारणं नकोत. येत्या उन्हाळ्यात अलास्का.” मग रंगीत चित्रांचं एक जाडजूड पाकीट आलं. जहाज कॅनडातल्या व्हँकुव्हरहून निघणार, किनाऱ्याकिनाऱ्याने वर सरकणार, हिमनद्या जिथे थेट समुद्रात उतरतात त्या खाडीत दिवसभर रेंगाळणार आणि शेवटी सीवर्ड नावाच्या बंदराला लागणार. जहाजावर दोघंच. अश्विनला रजा थोडी, तो सीवर्डला येऊन मिळणार. तिथून तिघांनी आगगाडीने आणि पुढे बसने देनालीच्या रानात जायचं.

या बेताचे पहिल्या दिवसापासून दोन तुकडे पडले होते. जहाज नंदिनीबाईंचं, रान श्रीहरींचं. ब्रह्मपुरीच्या शाळेत नंदिनीबाईंनी उभी हयात भूगोल शिकवला. हिमनदी कशी सरकते, दरी कशी खरवडते, तिचं टोक तुटून पाण्यात पडतं तेव्हा मेघगर्जनेसारखा आवाज कसा होतो, हे फळ्यावर खडूने काढून दाखवलं. एका वर्षी डिंपल नावाच्या मुलीने विचारलं होतं, “बाई, तुमी ऐकला काय तो आवाज?” वर्ग हसला. नंदिनीबाईही हसल्या आणि खरं ते सांगितलं. पण त्यानंतर तो धडा आला की ते वाक्य त्या जरा हळू आवाजात म्हणत.

श्रीहरी वनखात्यात रेंजर होते. आलापल्ली, भामरागड, सिरोंचा; बदल्या सगळ्या जंगलातल्या. पावसाळ्यात तिकडचे रस्ते बंद झाले की नंदिनीबाई ब्रह्मपुरीच्या घरी दारात उभ्या राहत. अश्विनच्या पाकिटातली अस्वलांची पानं त्यांनी वेगळी काढून ठेवली होती. “झाडच नाईत, त्याले जंगल काऊन म्हणतेत?” असं कुरकुरत ते देनालीच्या उघड्या माळाची चित्रं पुन्हापुन्हा पाहत. जहाजाचा विषय निघाला की मात्र त्यांना पाणी गरम करायचं असे, नाहीतर दूध आणायचं असे. नंदिनीबाईंना वाटलं होतं, आळस असेल.

डोंगा पलीकडच्या वाळूला लागला. त्या उतरल्या आणि एकट्याच गावाकडे चालू लागल्या.

“जयभीम, बाई. भाऊजी कुठी?” ठमाबाईने दारातच विचारलं.

“येऊन राह्यले. रस्त्यानं.”

लाखोळीची भाजी, भात, वरून तेल-तिखट. ठमाबाईने वाढलं, पण नंदिनीबाईंनी ताट झाकून ठेवलं. उन्हं कलायला आली तेव्हा श्रीहरी आले. वडशापर्यंत बस, पुढे काळीपिवळी जीप, शेवटचं अंतर एका धानाच्या ट्रॅक्टरवर. केसांत भुसा होता. त्यांनी हातपाय धुतले आणि काहीच न घडल्यासारखे जेवायला बसले. धान किती झाला, पाटाचं पाणी शेवटपर्यंत येतं का, असं ठमाबाईला विचारत राहिले.

परत निघताना बिरजू घाटावर थांबला असणार हे दोघांनाही ठाऊक होतं. नंदिनीबाईंनी गावातल्या एका मुलीच्या हाती त्याला निरोप धाडला आणि त्या नवऱ्याबरोबर काळीपिवळीत बसल्या.

वडशाला दोघांनी बस धरली आणि ती पुलावर आली. खाली नदी रुंद पसरली होती आणि पाणी मधल्या पट्ट्यातच चमकत होतं. श्रीहरी खिडकीशी होते. त्यांनी पुढच्या सीटचा दांडा धरला होता.

“लच्छू आठवते तुले?” ते म्हणाले.

“तुमचा गार्ड. सिरोंच्याले होता तो. पुरात गेला.”

“हो.” पुलाचे कठडे एकामागून एक मागे पडत होते. “मी त्याच डोंग्यात होतो.”

नंदिनीबाई त्यांच्याकडे वळल्या.

“प्राणहिता भरून होती. पलीकडं आग-बिग काही नव्हती, सरकारी काम होतं, दुसऱ्या दिवशी गेलो असतो तरी चाललं असतं. पण गेलो. नावाडी चांगला होता, लच्छूही पोहणारा. मधात एक लाकूड आलं वाहत, आख्खं झाड. डोंगा पलटला. मले त्यानंच फांदीवर ढकललं, नंदा. मंग मी पाह्यलं तर तो नव्हता.”

“मले काऊन नाई सांगतलं?”

“सांगतलं असतं तर तू मले परत जाऊ दिलं नसतं.”

“नसतंच दिलं,” त्या म्हणाल्या.

पूल संपला. श्रीहरींनी दांडा सोडला आणि हात मांडीवर पालथा ठेवला. नंदिनीबाईंनी त्यावर आपला हात ठेवला. कंडक्टर जवळून गेला तरी काढला नाही.

घरी आल्यावर त्यांनी चहा टाकला. श्रीहरी कपडे बदलून बाहेर आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, “कळव अश्विनले. बसतो मी जहाजात. केवढं मोठं राह्यते ते, गावासारखं. आतमधी बसून राहीन. बाहेर पाहणारच नाई.”

“डोळे मिटून हिमनदी पाहाले कोणी जात नाई.”

“मंग जहाज सोडून दे. गाडीनंच जाऊ सगळं. गाडीतूनही दिसतेत म्हणे बर्फाचे पहाड.”

नंदिनीबाईंनी चहा गाळला. त्यांच्या मनात रागाचा लवलेश नव्हता, त्याग करावा असंही आलं नाही. दुपारी एकटीने नदी ओलांडताना त्यांना जे वाटलं होतं, ते आत्ता कुठे नीट कळत होतं. भीती वाटली नव्हती. डोंगा मधल्या खोल पाण्यावर आला तेव्हा चपला खाली ठेवून त्यांनी हात पाण्यात बुडवला होता.

“नाई सोडत,” त्या म्हणाल्या. “मी जाते जहाजानं. तुमी अश्विनसंगं विमानानं सीवर्डकडं या. पुढं मंग तिघं जाऊ रानात.”

“एकटी?”

“तुमी भामरागडले कोणाले घेऊन गेले होते?”

श्रीहरींनी कप घेतला. बशीत चहा ओतला आणि तो निवला तरी प्यायला नाही.

अश्विनचा फोन रविवारी सकाळी येई. आला तेव्हा नंदिनीबाई पाट मांडून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला न ठेवता मानेत रिसीव्हर धरला आणि नवा बेत सांगितला. सिंदेवाहीचा तांदूळ आहे, खडे फार नाहीत, असंही सांगितलं.

“आई, एकटी कशी जाशील तू? आठवडाभर. कोणी ओळखीचं नाही, जेवण वेगळं, आणि त्यांचं इंग्लिश…”

“भूगोल इंग्लिशमधूनच शिकली मी एम.ए.ले. जेवणात भात मिळते का?”

“मिळतो.”

“मंग झालं.”

“पण बाबांना काय झालं? जहाज लागतं का त्यांना? गोळ्या मिळतात त्याच्या.”

नंदिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. श्रीहरी खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. पेपर सरळ होता, पण ते वाचत नव्हते.

“काही झालं नाई,” त्या म्हणाल्या. “त्याईले रस्त्यानं यायचं आहे, मले पाण्यानं. दोघाईचं तिकीट येगळं काढ.”

अश्विन हसला. “तू ठरवलंच आहेस म्हणजे. बरं. बाबांना दे.”

श्रीहरींनी रिसीव्हर कानाला लावला. सुरुवातीला नुसते हुंकार भरले. जहाज लागायच्या आदल्या दिवशी विमानाने अँकरेजला उतरायचं, तिथं मुक्काम, पहाटे निघून गाडीने सीवर्ड गाठायचं, असं अश्विन सांगत असावा.

“नाई नाई,” श्रीहरी मध्येच म्हणाले. “आदल्या दिवशीच सीवर्डले जाऊ. तिथीच राहू. … अरे, जहाज लागायच्या आधी मले तिथं उभं राह्यचं आहे. … लोकं उभे राह्यतेत ना, धक्क्यावर? राहू देतेत ना?”

पलीकडून काही उत्तर आलं. श्रीहरींनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला, पुन्हा उलगडला.

“अन् धुकं-बिकं असलं, उशीर झाला, तर? बाहेर उभ्या असलेल्या माणसाले सांगते कोण?”

अश्विनला ते माहीत नव्हतं. शोधून सांगतो, म्हणाला.

नंदिनीबाईंनी सुपातला एक खडा टिपून उंबऱ्याबाहेर टाकला.

“कोणी सांगत नाई,” त्या म्हणाल्या. “उभं राहा लागते.”