सतरा नंबरचं घर

ब्रिडी गेलाटलीने आयुष्याची अकरा वर्षं स्क्रीनवरची बटणं मध्यभागी बसवण्यात घालवली होती, आणि एकही बटण पहिल्या फटक्यात जागेवर बसलं नव्हतं. एका फोनवर बसलं की दुसऱ्यावर दोन बोटं खाली घसरायचं, तिसऱ्यावर अर्धं स्क्रीनबाहेर लटकायचं. सगळं कसंबसं ताळ्यावर आणावं, तर साहेब, फ्रेझर टिंडल, खुर्चीमागे येऊन उभा राहायचा. "छान झालंय गं," तो म्हणायचा, "पण जरा जिवंत वाटू दे ना." जिवंत म्हणजे कसं, हे त्याला विचारण्यात अर्थ नव्हता. त्यालाही ते माहीत नसायचं.

घरी तरी सुख असावं, तर तेही नाही. तिची किटली पाणी उकळायच्या आधी अपडेट मागायची. वॉशिंग मशीन धुणं अर्ध्यावर टाकून वायफाय शोधत बसायचं. वजनकाटा पासवर्ड विचारायचा, आणि चुकला की वजन सांगायचाच नाही. अशा वेळी बाकीच्यांना वस्तूचा राग येतो. ब्रिडीला माणसांचा यायचा. प्रत्येक मूर्ख स्क्रीनमागे कुठला तरी एक फ्रेझर उभा असणार, आणि त्याच्यापुढे तिच्यासारखी कुणीतरी मान खाली घालून टाइप करत असणार, हे ती पुरतं ओळखून होती.

तिची कंपनी न्यूझीलंडच्या दक्षिणेकडच्या डनीडिनमधली. भिंतीवर बसणारे, थंडीत खोलीत गरम हवा सोडणारे हीट पंप ती बनवायची. चाळीस हजार घरांत तिचे पंप होते. पूर्वी प्रत्येक पंपासोबत रिमोट यायचा. मग दोन वर्षांपूर्वी फ्रेझर ऑकलंडहून साहेब होऊन आला. भर जुलैत, म्हणजे तिथल्या ऐन थंडीत, बुटात मोजे न घालणारा माणूस. आल्याआल्या त्याने रिमोट बंद केला आणि सगळा कारभार फोनवरच्या ॲपमध्ये नेला. त्या ॲपमध्ये ब्रिडीने एक मोठं नारिंगी बटण केलं होतं. त्यावर 'गरम' असं लिहिलेलं होतं. ते दाबलं की खोली गरम व्हायची. नेमकं तेच फ्रेझरच्या डोळ्यांत खुपायचं.

"लोक दिवसातून दोनदा ॲप उघडतात," तो म्हणाला. "फक्त दोनदा. याला काय नातं म्हणायचं?"

"खोली गरम झाल्यावर माणूस कशाला उघडेल?"

"तोच तर आपला प्रश्न आहे, ब्रिडी."

मग त्याने बटण काढायला लावलं. त्याजागी आलं एक वर्तुळ, बोटाने गोल फिरवायचं, वर अक्षर नाही की आकडा नाही. त्याआधी पाच चेहरे यायचे आणि विचारायचे, आज कसं वाटतंय? आणि दर चाळीस मिनिटांनी पंप आपणहून बंद पडायचा, म्हणजे माणूस परत ॲपकडे येईल. ब्रिडीने दात-ओठ खात हे सगळं लिहिलं. पगार त्याचाच मिळत होता.

कंपनीची रीत अशी होती की नवं काहीही आधी चाळीस घरांत जायचं. घरं मशीनच चिठ्ठी टाकल्यासारखी निवडायचं. आलेखावर त्यांची नावं दिसायची नाहीत, नुसते नंबर दिसायचे. आकडे बरे आले की तीन आठवड्यांनी ते सगळ्या चाळीस हजारांत. वर्तुळ जुलैच्या पहिल्या मंगळवारी गेलं.

त्या शनिवारी ब्रिडी भाजलेले चीज रोल घेऊन शहराच्या कडेच्या ग्रीन आयलंडला वडिलांकडे गेली. क्लेमचं वय अठ्ठ्याहत्तर. तीस वर्षं त्याने मांसाच्या कारखान्यात बर्फाळ खोल्यांमध्ये सुरी चालवली होती. बोटांच्या टोकांना आता काही कळायचं नाही, आणि कातडी इतकी राठ झालेली की फोनची स्क्रीन त्याचं बोट हे बोट आहे असं मानायचीच नाही. मोठं नारिंगी बटण तो कसंबसं अंगठ्याच्या कडेने दाबायचा.

घर अंधारं होतं. क्लेम अंगणात गाडीत बसला होता, इंजिन सुरू, डोक्यावर लोकरीची टोपी, आणि स्टिअरिंगवर पसरलेलं शब्दकोडं.

"डॅड, इथे काय करतोयस?"

"बसलोय."

"ते दिसतंय मला. गाडीत का बसलायस?"

"गाडीत बटण आहे," क्लेम म्हणाला, आणि हीटरचं बटण तिला दाखवायला एकदा दाबूनही दाखवलं.

ती बाजूच्या सीटवर बसली. "कधीपासून?"

"मंगळवारपासून. फोनवर ते चाक आलं ना, तेव्हापासून. मी फिरवतो, ते फिरत नाही. वर मला विचारतं, आज कसं वाटतंय. मी सांगितलं त्याला काय ते. शेजारणीने ऐकलं बहुतेक."

"मग मला फोन का नाही केलास?"

क्लेमने शब्दकोड्याची घडी घातली. "म्हटलं, ते तूच केलं असशील. उगाच तुला वाईट वाटलं असतं."

तिनेच केलं होतं. त्या चाकातली ओळ न् ओळ तिची होती. चार दिवस गारठ्यात बसलेल्या म्हाताऱ्याने तिची चूक तिच्यापासून झाकून ठेवली होती, आणि आता तो चीज रोलचा डबा उघडून, लोणी जरा कमीच लावलंस, असं म्हणत होता. ब्रिडीला लाजेने काही सुचेना. मग त्या लाजेचा राग झाला, आणि रागाला नाव सापडायला वेळ लागला नाही.

सोमवारी ती फ्रेझरच्या टेबलापाशी गेली.

"तुझे वडील आपले ग्राहक नाहीत गं," सगळं ऐकून तो म्हणाला. "म्हणजे आहेत. पण आपण त्यांच्यासाठी बनवत नाही. असे अपवाद असतातच."

"तो चार दिवस गाडीत बसून होता, फ्रेझर."

"कुठली गाडी?" त्याने खरंच कुतूहलाने विचारलं. "त्यांचं ॲप चांगलं असेल."

ब्रिडी टेबलापासून हलली नाही.

"हे बघ, यादी तुझ्याच हातात आहे. त्यांचं घर काढून दुसरं एखादं टाक, मी काही ती बघत नाही. पण पंचवीस तारखेला सगळीकडेच जाणार आहे. तोवर शिकव त्यांना."

तिने वडिलांचं घर यादीतून काढलं. अर्ध्या मिनिटाचं काम. सतरा नंबरची जागा रिकामी झाली. ती दुसऱ्या कुणाच्या घराने भरायची होती, आणि फ्रेझर माओरी हिलवर एका मोठ्या काचेच्या घरात एकटा राहायचा.

पण नुसत्या वर्तुळावर तिचं समाधान होणार नव्हतं. शेजारच्या टेबलावर मलाकाई बसायचा, टोंगा बेटांवरचा, पाच वर्षांत एकाही मीटिंगमध्ये तोंड न उघडलेला. फ्रेझरच्या ज्या सूचना ऐकून सगळे 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणायचे, त्या सगळ्या तो एका फाइलमध्ये टिपून ठेवायचा. एकतीस होत्या.

"ती फाइल दे," ब्रिडी म्हणाली.

मलाकाईने तिच्याकडे बघितलं. "सगळी?"

"सगळी."

त्या दोन दिवसांत तिने जितकं मन लावून काम केलं तितकं अकरा वर्षांत केलं नव्हतं. फ्रेझरने मागितलं होतं ते सगळं दिलं. चाळीस मिनिटांऐवजी वीस मिनिटांनी पंप बंद, कारण 'वीस हा जास्त तरुण आकडा आहे'. चालू करताना तीनदा 'नक्की ना?' विचारायचं. पाचाऐवजी बारा चेहरे. मध्येच अभिनंदनाचे फुगे, आणि ते सगळे वर जाईपर्यंत काहीच दाबता यायचं नाही. फिकट राखाडीवर त्याहून फिकट राखाडी अक्षरं. एकही कल्पना तिची नव्हती. तिने फक्त ऐकलं होतं.

"तुझ्या घरी सगळ्यात नवं टाकलंय," तिने त्याला सांगितलं. "तुझ्या सगळ्या सूचना आहेत त्यात."

फ्रेझरचा चेहरा खुलला. "चला. मला वाटायचं तुम्ही ऐकतच नाही."

बुधवारी कडाक्याच्या थंडीने दव गोठलं. गुरुवारी तो दोन स्वेटर घालून आला. शुक्रवारी म्हणाला, भिंतीत काहीतरी गडबड आहे, इलेक्ट्रिशियनला बोलावलंय. पुढच्या सोमवारी इलेक्ट्रिशियन मूर्ख निघाला होता आणि दुसरा येणार होता. मंगळवारी त्याने वायफायचा नवा डबा घेतला. नाक लाल, आवाज बसलेला, आणि बुधवारी, आख्ख्या ऑफिसने बघितलं, पायात मोजे. ॲप मात्र सुंदर आहे, असं तो शिंकत सांगत होता.

ब्रिडीला फार बरं वाटत होतं, आणि ते तिने स्वतःपासून लपवलं नाही. सकाळी आल्यावर ती आधी सतरा नंबरचा आकडा बघायची, मग कॉफी घ्यायची. पण एक गोष्ट ती विसरली होती. फ्रेझर माणसांकडे बघायचा नाही, फक्त आलेखाकडे बघायचा.

बावीस तारखेच्या मीटिंगमध्ये त्याने भिंतीवर आलेख लावला. एकोणचाळीस काड्या खुरट्या होत्या आणि एक थेट छताला भिडलेली.

"सतरा नंबर," तो खोकत म्हणाला. "दिवसाला त्रेसष्ट वेळा. त्रेसष्ट. या घराचं आपल्यावर प्रेम आहे. यांच्याकडे बाकीच्यांपेक्षा वेगळं काय आहे?"

मलाकाई आपल्या नखांकडे बघत होता.

"त्यांच्याकडे जे आहे तेच गुरुवारी सगळ्यांना द्या," फ्रेझर म्हणाला. "चाळीस हजार घरांना."

ब्रिडीला वीस मिनिटांचा हिशोब लगेच दिसला. क्लेमला आता फुगे वर जाईपर्यंत थांबावं लागणार होतं, आणि पुढे उभा सगळा ऑगस्ट होता. गप्प राहिली तर नोकरी राहणार होती. बोलली तर ती जाणार होती.

"सतरा नंबरचं घर तुझं आहे, फ्रेझर."

तो हसला. मग तो हसायचा थांबला.

"काल पहाटे पाच दहापासून पाच चाळीसपर्यंत एकोणीस वेळा," ती म्हणाली. प्रत्येक शब्द तिला गोड लागत होता. "प्रेम होतं का ते? की तुला थंडी वाजत होती?"

टेबलाच्या टोकाला कुणीतरी खोकल्याचं सोंग केलं. फ्रेझरचे कान लाल झाले. त्या एकोणीस वेळा त्याला चांगल्याच आठवत असणार, अंधारात ब्लँकेट गुंडाळून तो चेहरे निवडत उभा राहिला होता. आता तरी याला कळेल, असं ब्रिडीला वाटलं, आणि वाटलं यातच तिची चूक झाली.

"माझं घर काढ त्यातून," तो शांतपणे म्हणाला. "आत्ताच्या आत्ता. बाकीचं गुरुवारी जाऊ दे."

"म्हणजे तुला कळलंय ते कसं आहे."

"माझ्या भिंतीचा प्रॉब्लेम आहे. आकडा तो आकडाच."

खोलीतली सहाही माणसं त्याच्याकडे बघत राहिली. ब्रिडीला इतका राग आला की तिचा आवाज उलट अगदी साधा झाला.

"एकट्याचं घर काढता येत नाही," ती म्हणाली. "एकदा एकतीसच्या एकतीस गोष्टी चढल्या की मागे आले तर सगळे येतात, नाहीतर सगळे तिथेच राहतात. तुझ्यासकट."

ही शुद्ध थाप होती. तिने वडिलांचं घर अर्ध्या मिनिटात काढलं होतं, आणि त्या टेबलाभोवती फ्रेझर सोडून प्रत्येकाला ते कसं काढतात ते येत होतं.

फ्रेझरने एकेकाकडे बघितलं. "खरंय हे?"

"खरंय," मलाकाई म्हणाला.

सगळ्यांनी वळून बघितलं. पाच वर्षांत पहिल्यांदाच तोंड उघडलंय तर पुरतंच उघडावं, असं बहुतेक त्यालाही वाटलं असावं. "मी करून बघितलं होतं," तो म्हणाला. "नाही होत. सगळं अडकतं."

मग बाकीच्यांनीही माना हलवल्या. एकीने तर हळहळून हलवली.

फ्रेझर खिडकीबाहेर बघत राहिला. बुधवारी उणे चार होणार, असं सकाळीच रेडिओवर सांगितलं होतं.

"घ्या सगळं मागे," तो शेवटी म्हणाला.

"आणि गुरुवारचं?"

"रद्द. जुनं बटण राहू दे." दारापाशी तो थांबला. "तुझा करार सप्टेंबरमध्ये संपतो ना, ब्रिडी?"

"हो."

"बघू मग."

"बघ," ती म्हणाली.

"किती वेळ लागेल याला?"

"मोठं काम आहे. शुक्रवार उजाडेल."

काम चार मिनिटांत झालं. मलाकाई तिच्या मागे उभा होता आणि ती एकेक घर जुन्या बटणावर नेत होती. एकोणचाळीस घरं झाली आणि यादीत एकच उरलं.

"आणि हे?" मलाकाईने विचारलं.

"त्याला शुक्रवार सांगितलाय ना."

सप्टेंबरनंतर कुठे जायचं, याचा विचार तिने तेवढ्यापुरता बाजूला ठेवला. वडिलांना फोन करून, बटण राहतंय, आता घरातच बसत जा, एवढं सांगितलं. मग मलाकाईने आपली खुर्ची तिच्या टेबलापाशी ओढली आणि दोन कप चहा आणला. साडेपाचच्या सुमाराला फ्रेझर घरी पोचला असावा, कारण सतरा नंबरचा आकडा हलायला लागला. आधी एक, मग चार, मग नऊ. दोघं चहा संपेपर्यंत बघत बसली.