‘ठीक आहे’ म्हणणाऱ्या माणसाचे श्वासयंत्र

मित्रांनो, मी एक जुने श्वासयंत्र आहे. दोन विटा शेजारी ठेवल्या तर जेवढ्या होतील, तेवढा माझा देह. पुढे एक लांब नळी आणि नळीच्या टोकाला मास्क. सध्या गोदामातल्या सगळ्यात खालच्या फळीवर पडून आहे. येत्या आठवड्यात मला मोडीत काढणार आहेत. त्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो. ती गोड नाही. गोड ऐकायचे असेल तर आत्ताच उठलात तरी चालेल.

माझे काम साधे. काही माणसांचा घसा झोपेत आतून मिटतो. श्वास थांबतो, जीव गुदमरतो, माणूस दचकून अर्धवट जागा होतो, पुन्हा झोपतो, पुन्हा थांबतो. असे रात्रीतून शंभर-दीडशे वेळा. सकाळी त्याला यातले काही आठवत नाही. दिवसभर डोळ्यांवर झापड मात्र असते. मी मास्कमधून हवेचा हलका दाब देतो, घसा उघडा राहतो आणि माणूस गाढ झोपतो. पण हे सगळे मास्क चेहऱ्यावर नीट बसला तर. नाही बसला, तर मी म्हणजे नुसता पंखा.

कारखान्यातून मी भाड्याने गेलो तो नागानुमा मोरिओ यांच्याकडे. त्यांच्या दरीत सात वस्त्या, आणि खालच्या गावाला जाणारी बस एकच. ती बस मोरिओ चालवत. वय त्रेसष्ट. निवृत्तीनंतर बसच्या कंपनीने त्यांना पुन्हा ठेवून घेतले होते, कारण दुसरे कोणी त्या घाटात यायला तयार नव्हते. तपासणीत त्यांचा आजार निघाला, तेव्हा कंपनीने स्पष्ट सांगितले: यंत्र लावून झोपलात तर बस तुमची, नाहीतर किल्ली ठेवा. मोरिओंचा जीव त्या बसमध्ये होता. कोणती आजी कुठल्या वळणावर हात दाखवते, हे त्यांना डोळे मिटून सांगता येई.

मास्क निवडायला दवाखान्यात मिझुकोशी नावाची एक तरतरीत मुलगी होती. तिने मोरिओंना खुर्चीत ताठ बसवले आणि तीन मास्क लावून पाहिले. मधल्या मापाचा अगदी घट्ट बसला.

“कसा वाटतो, नागानुमासान? कुठे टोचत नाही ना?”

“छान आहे, छान आहे.”

“मग हाच देऊ?”

“तुम्ही निवडलाय म्हणजे चांगलाच असणार.”

तिच्या कागदावर एक प्रश्न होता: कवळी लावता का? मोरिओंच्या वरखालच्या दोन्ही कवळ्या होत्या. पण समोर आपल्या लेकीच्या वयाची पोर. त्यांनी ‘नाही’वर खूण केली. झाकली मूठ सव्वा लाखाची. शेजारीच एक खाट होती. मिझुकोशीने त्यांना तिथे पाच मिनिटे आडवे केले असते, तरी बरेच काही दिसले असते. पण बाहेर पुढचा माणूस खोळंबला होता.

घरी मोरिओ झोपताना कवळी काढून मोरीजवळच्या पेल्यात ठेवत. दात निघाले की गाल आत जात, ओठ दुमडत, आणि दवाखान्यात घट्ट बसलेला तोच मास्क सगळीकडून फुसफुसू लागे. माझी हवा थेट त्यांच्या डोळ्यांत जाई. त्यांनी पट्टे आवळले, आणखी आवळले. चार दिवसांत नाकाच्या दांडीवर जखम झाली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी रोज पाहिला, आणि मारणारा मीच होतो.

“अहो, नाकाला काय झालं?” त्यांची बायको सेत्सुए सकाळी विचारी.

“दार लागलं.”

“रोज तेच दार? दाराला तरी दया यायला हवी आता. त्या पोरीला फोन करा, दुसरा मास्क देईल.”

“तिला कशाला त्रास? एवढी मेहनत घेऊन निवडलाय तिने.”

“तिला त्रास नको, मला नको, डॉक्टरांना नको. नाक तेवढं फुकटचं आहे!”

मोरिओ हसले आणि नाकावर पट्टी चिकटवून कामावर गेले.

पहिल्या महिन्याला डॉक्टरांनी माझ्या पोटातले कार्ड काढून पडद्यावर लावले. हवा किती गळाली, ते मी रोजच्या रोज लिहून ठेवले होते. ते पान पुढे होते. डॉक्टरांनी पहिलेच पान पाहिले. “तास कमी भरतायत. रोज चार तरी हवेत. मास्क ठीक ना?”

“ठीक आहे, तुमच्या कृपेने.”

विचारणे ही रीत होती, तसे उत्तर देणे हीही रीत होती. दोघांनी वाकून नमस्कार केला आणि पान उलटायचे राहून गेले.

मग मोरिओंनी जे केले, ते आठवले की अजून माझा पंखा गरम होतो. संध्याकाळी घरी आले, जेवले की ते, खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाखाली ऊबेला पाय घालून बसत, तोंडात कवळी तशीच ठेवत आणि मास्क लावत. दात जागेवर, गाल जागेवर. मास्क कसा फुलासारखा बसे. सहा ते दहा ते टीव्ही पाहत. दहाला मला बंद करून, दात पेल्यात ठेवून, मोकळ्या नाकाने झोपायला जात. थोड्याच वेळात तिकडून घोरणे सुरू होई, मग थांबे. मी इकडे थंड पडून त्या थांबण्याकडे कान लावून बसे.

“सोंड लावून बसलायत नुसते,” सेत्सुए म्हणे. “शेंगा देऊ का सोलून?”

“तास भरतोय.”

“झोपेचं यंत्र जागेपणी? मग जेवण काय झोपेत करणार?”

पुढच्या महिन्यात डॉक्टर खूश झाले. तास पुरे, श्वास थांबल्याची नोंद शून्य. जागा माणूस श्वास कशाला थांबवेल? कंपनीतही पहाटेच्या हजेरीला, सगळ्या चालकांसमोर, मोरिओंचे नाव आदर्श म्हणून वाचले गेले. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी, आणि तीही खोट्याची. मला लाज वाटली.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी, भर सकाळी दहा वाजता, घाटातल्या सरळ रस्त्यावर मोरिओंचा डोळा लागला. तीनच सेकंद. बस कडेच्या बर्फाच्या भिंतीत घुसली. मी तिथे नव्हतो. सेत्सुए रडत फोनवर सांगत होती, ते ऐकले. बसमध्ये एकच प्रवासी होती, तोकू आजी. वय अठ्ठ्याऐंशी, दर गुरुवारी डोळे दाखवायला जाणारी. ती सीटवरून फेकली गेली आणि उठून तीच माफी मागू लागली.

“काही नाही रे मोरिओ, काही नाही. मीच नीट धरून बसले नव्हते. तुला तर लागलं नाही ना?”

असे म्हणत ती बाहीत हात लपवून बसली. मनगट मोडले होते, हे दवाखान्यात फोटो काढल्यावरच कळले.

मोरिओंनी किल्ली कंपनीच्या टेबलावर ठेवली, माफी मागत जमिनीला कपाळ टेकले आणि घरी आले. आठवड्याने मिझुकोशी तपासणीला आली. हात धुवायला मोरीत गेली आणि पेल्याकडे बघत उभी राहिली.

“नागानुमासान, ही कवळी...”

“त्यांचीच,” सेत्सुए म्हणाली. “काढूनच झोपतात. तुम्हाला सांगितलं नाही?”

मिझुकोशीने हात धुवायचे सोडून मास्कची पिशवी उघडली. तिने गादी घालायला लावली, मोरिओंना दात काढून झोपवले. ते दोन्ही हातांनी तोंड झाकून पडले होते. तिने हळूच हात बाजूला केले, लहान मापाचा मऊ मास्क लावला, मला पूर्ण दाबाने सुरू केले, त्यांना डाव्या कुशीवर वळवले, मग उजव्या. हवा कुठेच गळाली नाही. सगळे मिळून दहा मिनिटे लागली असतील.

त्या रात्री मोरिओ सात तास झोपले. श्वास एकदाही थांबला नाही. घोरणे ऐकू येईना म्हणून सेत्सुए दोनदा येऊन नाकाशी हात धरून गेली. पहाटे पावणेपाचला ते उठले, लहान मुलासारखे लख्ख जागे. “अगं, झोप अशी असते होय?” म्हणाले. तोंड धुतले, दात लावले, गणवेशासाठी खुंटीकडे हात नेला. गणवेश धुऊन, घडी करून परत केलेला होता. खुंटीवर नुसता हँगर होता. ते त्याच्यासमोर किती वेळ उभे होते, हे माझ्या कार्डावर नाही.

मी पुढे सहा वर्षे त्यांना झोपवले. एकही रात्र वाया गेली नाही, आणि त्याचा काही उपयोगही झाला नाही.

मित्रांनो, मास्क घ्याल तेव्हा जसे झोपता तसेच आडवे होऊन घ्या. टोचत असेल तर टोचते म्हणा. आणि दुसऱ्याला ‘ठीक आहे ना?’ विचाराल, तेव्हा उत्तर मिळाले म्हणून उठू नका. थोडे थांबा, त्याच्या नाकावरची पट्टी बघा.

दरीतली बस त्या एप्रिलमध्येच बंद झाली. चालक मिळाला नाही. तोकू आजी आता डोळे दाखवायला जात नाही. कोणी विचारले की आवाजाच्या दिशेने वळून म्हणते, “चाललंय की ठीक.”